गुहावासीची एकशे बारा वचनं

घरात तिला सगळे पोथी म्हणत. हे नाव थोरल्या भावानं, दादानं, ती आठ वर्षांची असताना ठेवलं. जेवायला हाका मारून मारून आईचा घसा बसायचा आणि ही कुठल्यातरी कोपऱ्यात पुस्तकात तोंड खुपसून बसलेली असायची. 'ती पोथी खाली ठेव' असं म्हणता म्हणता तीच पोथी झाली. पुढं ती खरोखरच जुन्या हस्तलिखितांच्या अभ्यासाला लागली, तेव्हा दादा आल्यागेल्याला सांगायचा, "नाव ठेवताना माणसानं विचार करावा. मी हिला महाराणी म्हणायला हवं होतं."

लग्न तिनं केलं नाही. दादा-वहिनींच्या घरात मागची खोली तिची होती आणि धर्मविद्येच्या संस्थेत तिसऱ्या मजल्यावरची एक अरुंद खोलीही तिचीच. त्या खोलीत दोन लोखंडी कपाटं, मायक्रोफिल्म वाचायचं एक बोजड यंत्र आणि नीट न लागणारी खिडकी. खिडकीच्या फटीत ती जुन्या मुद्रितांच्या घड्या कोंबायची. या खोलीत तिनं एका माणसासाठी एकतीस वर्षं घालवली. त्या माणसाचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याला गुहावासी म्हणत.

गुहावासी कोण, हे आधी सांगायला हवं. बायझंटाइन काळातल्या मठांत एक पद्धत होती. पानाच्या मधोमध बायबलातल्या एखाद्या स्तोत्राच्या दोन-चार ओळी लिहायच्या आणि चारी बाजूंच्या समासांत, त्या ओळींवर जुन्या टीकाकारांनी काय म्हटलंय त्याचे उतारे एकाला एक जोडत जायचं. प्रत्येक उताऱ्याच्या डोक्यावर तो कुणाचा ते लिहायचं. अशा पानांना अभ्यासक साखळी म्हणतात. मूळ ग्रंथ पुढं जळाले, हरवले, कुणी पाखंडी ठरवून नष्ट केले. पण त्यांचे तुकडे या साखळ्यांत अडकून वाचले. अशाच एका साखळीत, हजार वर्षांपूर्वीच्या कातड्याच्या पानांवर, बारीक अक्षरातले एकशे बारा उतारे होते आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एकच शब्द होता: 'गुहेतल्याचं'.

ते शोधले सरांनी. सर म्हणजे पोथीचे गुरू. तरुणपणी ते दूरच्या एका ग्रंथालयात चार महिने जाऊन राहिले, ती पानं स्वतःच्या डोळ्यांनी वाचली आणि परत येऊन जाहीर केलं, की हा चौथ्या शतकातला कुणी अज्ञात साधू आहे आणि त्याच्यासारखं त्या काळात दुसरं कुणी बोललेलं नाही. एकशे बारा वचनांची संपूर्ण चिकित्सक आवृत्ती काढायची, असं ठरलं. सरांची दृष्टी मंदावली तेव्हा काम पोथीकडं आलं. तिनं पाठभेद लावले, एकेका शब्दाचा माग काढला, तळटीपांच्या तळटीपा लिहिल्या. संस्थेचे ग्रंथपाल तिला जिन्यात भेटले की विचारायचे, "काय म्हणतात आमचे जावई?" लग्नाचं वय टळून गेल्यावरही त्यांनी हा विनोद सोडला नाही आणि तिलाही तो आवडायचा.

आता घरातलं. दादा-वहिनींची एकुलती एक लेक छकुली आठ वर्षांपूर्वी गेली. एकोणीस वर्षांची होती. स्वतःच्या हातानं गेली. चिठ्ठी नाही, भांडण नाही. आदल्या दिवशी आत्याची छत्री घेऊन गेली होती आणि "उद्या आणून देते" म्हणाली होती. पाद्रीबाबा आले, त्यांनी प्रार्थना केली. मग वहिनीनं त्यांना विचारलं, "ती आता कुठं आहे?" पाद्रीबाबांनी खाली बघितलं. माणूस वाईट नव्हता. पण त्या खाली बघण्यानं वहिनीचं अन्न तुटलं. सतरा दिवस ती पाण्यावर आणि दादानं जबरदस्तीनं भरवलेल्या दोन घासांवर होती. डॉक्टर म्हणाले, दवाखान्यात आणा.

अठराव्या दिवशी पोथी तिच्या पलंगावर जाऊन बसली. तिला समजूत घालता यायची नाही. तिला फक्त वचनं यायची. खोल खड्ड्यातून हाका मारणाऱ्या माणसाचं एक स्तोत्र आहे, त्यावरचं गुहावासीचं सत्त्याहत्तरावं वचन तिनं वहिनीचा हात धरून सांगितलं: "जो इतका दूर गेला की त्याला हाकही ऐकू येत नाही, त्याला देव हाका मारत बसत नाही; उठून त्याच्याकडं चालत जातो."

वहिनीनं डोळे उघडले. "हे कुणी म्हटलंय?"

"सोळाशे वर्षांपूर्वीच्या एका साधूनं."

"खरं?"

"खरं, वहिनी. मी त्याच्यावरच तर काम करते."

त्या संध्याकाळी वहिनी भिंतीला धरून स्वयंपाकघरात आली आणि खुर्चीवर बसून भात खाल्ला. पुढं ते वचन तिनं पाठ केलं. आणि वर्षभरानं ती एक गोष्ट करू लागली, कुणी न सांगता. कुणाच्या घरी असं घडल्याचं कानावर आलं, की महिनाभर जाऊ द्यायची, मग जायची, बसायची आणि ते वचन सांगायची. 'हे माझ्या मनचं नाही हां,' म्हणायची, 'माझी नणंद विदुषी आहे, तिनं मूळ ग्रीकमधून वाचलंय.' अशी पाच घरं झाली होती.

आवृत्ती छपाईला जायला चार महिने उरले असताना त्या दूरच्या ग्रंथालयानं आपल्या सगळ्या जुन्या पानांची नवी छायाचित्रं काढली. मागून उजेड टाकून काढलेलीही काही होती. एका मंगळवारी सकाळी ती पोथीकडं आली. तिनं मोठ्या हौसेनं पहिलं पान पडद्यावर उघडलं आणि तिला वाटलं, पानावर शाईचे ठिपके आहेत. मायक्रोफिल्मवर ते तिनं एकतीस वर्षं पाहिले होते. पण इथं मागून उजेड येत होता आणि ठिपके काळे नव्हते, पांढरे होते. ती भोकं होती. किड्यानं पाडलेली.

किड्यानं पान खाल्लं, तर त्यात अक्षरंही जातात. मधल्या स्तोत्रातली गेली होती. समासातल्या इतर टीकाकारांचीही गेली होती. कुणाचं अर्धं, कुणाचं सबंध. पोथी गुहावासीच्या उताऱ्यावर आली. त्यात तीन भोकं होती आणि एकही अक्षर गेलेलं नव्हतं. एका ठिकाणी शब्द भोकाच्या अलीकडं थांबला होता आणि पलीकडं पुढं सुरू झाला होता, रस्त्यातला खड्डा चुकवून माणूस पुढं जातो तसा.

तिनं दुसरं पान उघडलं. मग तिसरं. दुपारपर्यंत तिनं सगळी पानं पाहिली. एकशे बारा उताऱ्यांच्या जागेत दोनशेहून जास्त भोकं होती आणि किड्यानं गुहावासीचं एकही अक्षर खाल्लेलं नव्हतं. हजार वर्षांपूर्वीचा किडा एवढा भाविक असायचा नाही. आधी किड्यानं पान खाल्लं होतं आणि मग कुणीतरी, पुष्कळ नंतर, समासांत उरलेल्या रिकाम्या जागेत जपून भोकं चुकवत हे लिहिलं होतं.

ती जेवायला खाली गेली नाही. स्वतःशीच वाद घालत राहिली. नंतर लिहिलं असेल, पण जुन्या प्रतीवरून उतरवलं असेल. का नाही? असं होतं की. या काडीला धरून तिनं दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी तिला एकतिसावं वचन आठवलं आणि काडीही हातातून गेली.

एकतिसाव्या वचनात स्तोत्राची एक ओळ उद्धृत केलेली आहे आणि तिच्यात एक विचित्र शब्द आहे. तो कुठल्याच जुन्या हस्तलिखितात नाही. गुहावासीनं त्यावर दोन ओळींचं मोठं सुंदर भाष्य केलंय. तरुणपणी पोथीनं याच शब्दावर वीस पानांचा निबंध लिहिला होता: हा सगळ्यात प्राचीन पाठ, बाकीच्यांकडून हरवलेला, एकट्या गुहावासीनं जपलेला. त्या निबंधावर तिला पदवी मिळाली होती. आता ती ग्रंथपालांकडं गेली आणि ग्रीक स्तोत्रांच्या सगळ्या पहिल्या छापील आवृत्त्यांची छायाचित्रं मागितली. छापील आवृत्त्या तिनं कधी पाहिल्याच नव्हत्या. हस्तलिखितांवर काम करणाऱ्यानं छापील कशाला बघायचं? काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी गत. तिसऱ्याच आवृत्तीत तो शब्द सापडला. छापखान्यात खिळे जुळवताना एक अक्षर उलटं लागलं होतं. पुढच्या छपाईत ते सुधारलं होतं. पण मधल्या काळात कुणीतरी ते पुस्तक समोर ठेवून, ती छपाईची चूक उतरवून घेऊन, तिच्यावर भाष्य केलं होतं. सोळाव्या शतकात. त्या काळी जुनी हस्तलिखितं विकणारे काही लेखनिक मागणी बघून नवे 'प्राचीन' लेखक तयार करत, हे तिला चांगलं माहीत होतं. तिनं विद्यार्थ्यांना ते शिकवलंही होतं.

ग्रंथपालांनी विचारलं, "काय झालं? जावई आजारी?"

"ते नव्हतेच," पोथी म्हणाली आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून बसली. रडू आलं नाही. कपाटात सव्वीस फायली होत्या. तिला वाटलं, आपल्या अंगातून कुणीतरी हाडं काढून घेतली आहेत आणि आपण अजून खुर्चीवर बसलेल्या कशा आहोत.

दुसऱ्या दिवशी ती सरांकडं गेली. सर अठ्ठ्याऐंशी वर्षांचे. पाय काम देत नव्हते, पण डोकं शाबूत होतं. काकूंनी दार उघडलं. "बरं झालं आलीस. सकाळपासून चिडचिड चाललीय, तुझ्याशी बोलले की शांत होतील."

सर खिडकीपाशी खुर्चीत होते, मांडीवर शाल. पोथीनं एका पानाचं मोठं छायाचित्र छापून आणलं होतं, ते त्यांच्या शालीवर ठेवलं. सरांनी चष्मा मागितला नाही. छायाचित्रावर नुसता हात ठेवला.

"भोकं दिसली का?" त्यांनी विचारलं.

पोथी स्टुलावर बसली. "तुम्हाला माहीत होतं."

"दुसऱ्या दिवशी कळलं. पहिल्या दिवशी आनंदात होतो, डोळे ठिकाणावर कुठं होते? दुसऱ्या दिवशी पान खिडकीकडं धरलं, तर भोकांतून उजेड आला."

"मग?"

"मग काय. पहिल्याच दिवशी इकडं तार करून बसलो होतो, की मोठा शोध लागलाय."

"तार मागं घेता आली असती, सर."

"आली असती." त्यांनी छायाचित्राची मुडपलेली कड सरळ केली. "परत गेल्यावर सांगू म्हटलं. परत आलो तर सगळी संस्था घ्यायला आली होती. मग म्हटलं, पहिला निबंध होऊ दे. मग तू आलीस. दोन महिन्यांत एकशे बाराच्या एकशे बारा वचनं तोंडपाठ केलीस."

"मला तरी सांगायचं."

"कितीदा तोंडाशी आलं. तू काहीतरी नवीन दाखवायला यायचीस, तुझं तोंड बघायचो आणि गिळून टाकायचो. वाटायचं, तुझं तुलाच कळेल. तू माझ्यापेक्षा हुशार. वर्षामागून वर्षं गेली, तुला कळलं नाही, तेव्हा मला सुटल्यासारखंही वाटायचं आणि..."

"आणि काय?"

"तुझा रागही यायचा."

काकू चहा घेऊन आल्या. दोघांचे चेहरे बघून म्हणाल्या, "कसलं एवढं गंभीर?"

"हिला माझी एक जुनी चूक सापडली," सर म्हणाले.

"एकच? मग कच्ची आहेस तू. मी साठ वर्षं काढतेय यांच्या चुका, अजून संपल्या नाहीत." काकू हसत आत गेल्या.

सरांनी छायाचित्र उलटं करून ठेवलं. "मी गेल्यावर छाप. फार दिवस नाहीत आता."

चहा तसाच ठेवून ती उठली. रस्त्यानं चालताना तिला सारखं एकच वाटत होतं, की या माणसानं आपलं आयुष्य चोरलं, आणि चोरी होत असताना आपण त्याच्यासाठी दिवा धरून उभ्या होतो.

थांबायचं, असं तिनं मनाशी ठरवलं. आवृत्ती लांबणीवर टाकायची, प्रकृतीचं कारण सांगायचं, सरांना शांतपणे जाऊ द्यायचं. एकतीस वर्षं गेली तिथं आणखी एखादं वर्ष. हा बेत नऊ दिवस टिकला.

दहाव्या दिवशी, रविवारी, वहिनी साडी बदलून तिच्या खोलीच्या दारात उभी राहिली. "दवाखान्यामागच्या गल्लीतल्या त्या नर्सबाईंचा मुलगा गेला ना. महिना झाला. मी निघालेय. त्यांच्या शेजारणीकडं निरोप दिलाय येते म्हणून. तू चल या वेळी. तू स्वतः सांगितलंस तर त्यांना जास्त पटेल."

पोथी म्हणाली, "आज नको, वहिनी."

"बरं नाही का?"

"तूही जाऊ नकोस."

"का गं? काय झालं?"

खोटं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. डोकं दुखतंय, एवढं. पण वहिनी हातात पर्स घेऊन, केस नीट विंचरून उभी होती आणि तिच्या तोंडावर आठ वर्षांत हळूहळू परत आलेलं ते थोडंसं तेज होतं. पोथीच्या तोंडून ते निघून गेलं. भोकं, उलटं अक्षर, लेखनिक, सगळं. सर तेवढे तिनं वगळले. दादा वर्तमानपत्र घेऊन बाहेरच्या खोलीत होता. तोही दारात येऊन उभा राहिला.

वहिनीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला ते किड्याचं नीट कळलं नाही. पुन्हा सांग."

पोथीनं पुन्हा सांगितलं.

"म्हणजे तो साधू नव्हता."

"नव्हता."

"गुहा?"

"गुहाही नव्हती. एक माणूस होता. खोटी हस्तलिखितं करून विकायचा."

"मग छकुली कुठं आहे?"

दादा म्हणाला, "अगं, वाक्य तर तेच आहे ना. कुणी का लिहिलेलं असेना."

वहिनी त्याच्याकडं वळलीसुद्धा नाही. "तसलं वाक्य मलाही करता आलं असतं," ती म्हणाली. "मी त्या सतरा दिवसांत तसली शंभर केली. मला असं कुणीतरी हवं होतं, ज्याला खरंच माहीत आहे. पोथे, मी तुला विचारतेय. कुठं आहे ती?"

"मला माहीत नाही, वहिनी."

वहिनी पर्स घेऊन तशीच पलंगावर बसली. मग म्हणाली, "पाच घरांत सांगितलंय मी. त्यांना आता कोण सांगणार?"

"कुणी कशाला सांगायचं?" दादा म्हणाला. "झाकली मूठ राहू दे."

"नाही. हिनं सांगायचं. माझ्यासोबत यायचं आणि हिनं सांगायचं."

पहिलं घर घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याचं होतं. त्याचा मुलगा सात वर्षांपूर्वी गेला होता. पुढच्या खोलीत दुकान, मागं राहायची जागा. दोघी गेल्या तेव्हा तो डोळ्याला भिंग लावून बसला होता. वहिनीला पाहून उठला, टेबलावरचे सुटे भाग रुमालाखाली झाकले, दोन खुर्च्या पुसल्या. पोथीनं सांगायला सुरुवात केली. तिला वाटलं होतं तो चिडेल, हाकलून देईल. तिला ते चाललं असतं. पण तो नीट ऐकत राहिला. बारीक भाग कुठं बसतो ते समजून घेताना ऐकावं तसं. भोकांची गोष्ट तर त्याला लगेच कळली. "बरोबर," म्हणाला. "लिहिणारा नंतरचा."

मग त्यानं विचारलं, "त्या विकणाऱ्या माणसाचं कुणी गेलं होतं का हो, असं?"

म्हाताऱ्यानं टेबलावरचा रुमाल सारखा केला.

"नाही म्हणजे, विकायचंच होतं तर काहीही लिहिता आलं असतं. हेच का लिहिलं त्यानं? त्याचा मुलगाबिलगा..."

वहिनीही पोथीकडं बघायला लागली. खुर्चीच्या कडेवर सरकून. पोथीला हो म्हणायचं होतं. आयुष्यात कुठलीही गोष्ट तिला इतकी हवीशी वाटली नव्हती. असेल, गेला असेल, एवढं म्हटलं तरी दोघांचा जीव भांड्यात पडला असता. पण त्या लेखनिकाबद्दल कुठं एक ओळ नव्हती. त्याचं नावसुद्धा खात्रीनं माहीत नव्हतं. आठ वर्षांपूर्वी ती एकदा बेधडक 'खरं' म्हणाली होती.

"माहीत नाही," ती म्हणाली. "त्याच्याबद्दल काहीच माहीत नाही."

"काहीच नाही?" म्हाताऱ्यानं विचारलं. त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच नवल वाटलं होतं, की इतकं शिकलेल्या बाईला इतकं थोडं कसं माहीत असतं. त्यानं दोघींना दारापर्यंत पोचवलं आणि आत जाऊन दुकानाची फळी ओढून घेतली. सकाळचे अकरा वाजले होते.

परतीच्या वाटेवर वहिनी म्हणाली, "बाकीच्या चार घरी नको जायला." त्या दिवसापासून ती वेळेवर स्वयंपाक करायची, वेळेवर जेवायची, कपड्यांच्या घड्या घालायची. पण तिला काही विचारलं की उत्तर यायला वेळ लागायचा, विहिरीतून वर यावं तसा. चर्चला जाणं तिनं सोडलं. दादा पोथीला एकदाच म्हणाला, आवाज न चढवता, "तुझं खरं तुझ्याजवळ ठेवलं असतंस तर काय बिघडलं असतं?" त्यानंतर त्यानं तिला पोथी म्हणणं बंद केलं. काहीच म्हणेनासा झाला. जेवण झाल्यावर ताट उचलायला नुसती खूण करायचा.

आता थांबण्यात अर्थ नव्हता. तिनं लेख लिहिला. एकतीस वर्षांच्या कामाला अकरा पानं पुरली. भोकांचा तक्ता, उलट्या अक्षराचं छायाचित्र, स्वतःच्या वीस पानी निबंधाचं खंडन. आयुष्यात तिनं इतकं स्वच्छ, इतकं आटोपशीर काही लिहिलं नव्हतं. शेवटी सरांबद्दल लिहायची वेळ आली. त्या एका वाक्यावर ती सहा दिवस अडली. सातव्या दिवशी तिनं लिहिलं: 'पहिल्या वाचनाच्या वेळी उपलब्ध असलेल्या साधनांमुळे ही गोष्ट लक्षात येणे शक्य नव्हते.' वाचून पाहिलं. पुन्हा पाहिलं. अकरा पानांत तेवढं एकच वाक्य खोटं होतं आणि ते तिनं खोडलं नाही. काकूंचा हसरा चेहरा समोर येत होता.

लेख छापून आला आणि सरांना वाचून दाखवण्यात आला. त्यांनी काही निरोप पाठवला नाही. दीड महिन्यानं ते झोपेतच गेले. संस्थेत शोकसभा झाली तेव्हा संचालकांनी पोथीच्या लेखातलं तेच वाक्य वाचून दाखवलं आणि म्हणाले, शिष्या कशी असावी तर अशी. गुरूची चूक दाखवतानाही त्यांच्या प्रामाणिकपणाला तिनं धक्का लागू दिला नाही. लोकांनी माना डोलावल्या. पुढं सरांच्या चरित्राच्या टिपणात ते वाक्य उतरलं, तिथून ज्ञानकोशातल्या नोंदीत, आणि खाली संदर्भ म्हणून हिचं नाव. शोकसभेत पोथी मागच्या रांगेत बसून ऐकत होती. तिला सरांचा राग आठवून पाहायचा होता, पण आता त्या रागाला उभं राहायला जागाच राहिली नव्हती.

आवृत्ती अर्थातच रद्द झाली. खोली दुसऱ्या प्रकल्पाला गेली. तिला ग्रंथपालांच्या हाताखाली एक टेबल मिळालं. दुसऱ्यांच्या पुस्तकांच्या सूच्या करायच्या. ग्रंथपालांनी जावयांचा विषय पुन्हा काढला नाही. मधल्या वेळात ती जुने टीकाकार धुंडाळायची, निदान एखादं खरं वाक्य मिळतंय का बघायला. शेवटी सगळेच जीव देवाकडं परत येतील अशी आशा बोलून दाखवणारे काही भेटले, आणि त्यांच्यावर खवळलेले त्याहून जास्त. पण स्वतःच्या हातानं गेलेल्याबद्दल जिथं कुणी तोंड उघडलं होतं, तिथं दार लावून घेण्यासाठीच उघडलं होतं. एकदा बरंसं काही सापडलं, अस्सल, कुणी शंका न घेतलेलं. ती ते उतरवून घेऊन घरी गेली. वहिनी भाजी निवडत होती. ऐकून म्हणाली, "ठेव तिथं टेबलावर." कागद चार दिवस टेबलावर होता, मग त्यावर कुणीतरी किराण्याची यादी लिहिली.

थंडी संपत आली होती तेव्हाची गोष्ट. दोघी औषधं आणायला बाहेर पडल्या होत्या. दुकानापासून थोड्या अंतरावर वहिनी एकदम थबकली आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं भराभर चालू लागली. पोथीला आधी कारण कळलं नाही. मग समोरून नर्सबाई आल्या. नर्सचाच कोट अंगात, तो दोन मापं मोठा वाटावा इतकं अंग आटलेलं.

"तुम्ही त्यांच्या नणंद ना?" नर्सबाईंनी पलीकडं हात करत विचारलं. "त्या येणार होत्या आमच्याकडं. शेजारीण म्हणाली होती, काहीतरी सांगतात त्या, बरं वाटतं ऐकून. मी वाट बघितली."

"हो," पोथी म्हणाली. "जमलं नाही त्यांना."

"बरं नाही का?"

"नाही. बरं नाही."

नर्सबाईंनी पलीकडच्या फुटपाथवर वहिनीची पाठमोरी आकृती कोपऱ्यावर वळेपर्यंत पाहिली. "जेवतात का नीट?" त्यांनी विचारलं. "लक्ष ठेवा हो त्यांच्यावर. एकटं सोडू नका." मग घड्याळ बघून त्या कामावर निघून गेल्या, आणि पोथी रस्ता ओलांडून वहिनीच्या मागं गेली.